वाइनचा नाद लागलाय, घरी काय सांगू?

«मी ४६ वर्षांची. राहायला शहापूर, नोकरी एका पतसंस्थेत. माहेर अथणी तालुक्यात, भावाची द्राक्षबाग आहे. गेल्या हिवाळ्यात मुलाकडे नाशिकला गेले होते, त्यानं हौसेनं एक वायनरी दाखवायला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा वाइन चाखली. चव ठीकच होती, खरं तिथला माणूस म्हणाला की हे आठ हजार वर्षं चालत आलंय, आणि तेच डोक्यात बसलं. तेव्हापासून मिळेल ते वाचते. जॉर्जिया, इजिप्त, रोम. रात्री मोबाइलवर उत्खननाचे व्हिडिओ बघत बसते. रविवारी एक ग्लास घेते, हल्ली कधी बुधवारीही. बाटल्या कपाटात साड्यांमागं ठेवते. सासूबाई माळकरी आहेत. माझा सख्खा मामा दारूनं गेला, आईसमोर अजून तो विषय काढता येत नाही. नवरा नुसती चेष्टा करतो. भाऊ मात्र म्हणतो, आपल्याच थॉमसन द्राक्षांची वाइन करून बघू या. हे वेड चांगलं, की मी स्वतःलाच फसवतेय? घरी काय सांगू? आणि हे पुढं कुठं नेऊ?»
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

ताई,

आधी त्या बाटल्या साड्यांमागून काढा. बेळगावची हवा थंड म्हणून आपण कितीही मिरवलं तरी एप्रिलमध्ये बंद कपाटात वाइन उकडून निघते आणि तिचा वास मरतो. पण हे किरकोळ कारण झालं. ज्या घराण्यातला एक माणूस दारूनं गेला, तिथं लपवलेली बाटली सापडली की पुढचं कुणी ऐकून घेत नाही. तुम्ही जॉर्जियाचं नाव घ्या नाहीतर इजिप्तचं. आणि एक बघा, तुम्ही वाचन लपवत नाही, व्हिडिओ लपवत नाही, लपवता ती फक्त बाटली. म्हणजे यातलं कुठलं निर्धास्त आहे आणि कुठलं नाही, हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. पत्र त्यासाठीच लिहिलंत.

मग आधी बाटलीचं बोलू, म्हणजे उरलेल्या जागेत मोकळेपणानं वेडाचं बोलता येईल.

वाइन ही दारूच. ‘ती काय, द्राक्षाचा रस’ असं नाशिककडचे हौशी लोक म्हणतात, त्यांचं ऐकू नका. हिशेब करून बघा, पतसंस्थेत तुमचं तेच काम आहे. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे पावणेतेरा मिलीच्या आसपास. तुमचा रविवारचा एक ग्लास हा दीड पेग आहे. अख्ख्या बाटलीत साडेसात पेग बसतात. रेड वाइन हृदयाला चांगली, ही समजूत १९९१ मध्ये एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमानं जगभर पसरवली. तेव्हा बाटल्या भरपूर खपल्या, पण आता जागतिक आरोग्य संघटना स्वच्छ सांगते की दारूचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत अल्कोहोल १९८८ पासून पहिल्या गटात आहे. द्राक्षातून आलं म्हणून त्याला सूट मिळत नाही.

हे सांगून मी तुम्हाला ग्लास सोडायला लावतेय असं नाही. जाणत्या वयाच्या बाईनं आठवड्याला एक ग्लास घ्यायचा की नाही, हे तिनं ठरवावं. माझी हरकत आहे ती ‘हल्ली कधी बुधवारीही’ या तीन शब्दांना. व्यसनाकडं झुकण्याची ओढ रक्ताच्या नात्यातून येऊ शकते, आणि तुमचा मामा सख्खा होता. तेव्हा एक परीक्षा घ्या, तीही माहेरच्या पंचांगानं. भावाची ऑक्टोबरची फळछाटणी झाली की त्या दिवसापासून काढणीपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिने, एक थेंबही घ्यायचा नाही. वाचन, व्हिडिओ, नकाशे, सगळं चालू ठेवायचं. चार महिन्यांनी उत्खननाची ओढ तशीच असेल आणि ग्लासची आठवण अधूनमधूनच आली असेल, तर तुम्ही स्वतःला फसवत नाही. दुसऱ्याच महिन्यात बुधवार जड जायला लागला, तर मला पत्र लिहीत बसू नका, डॉक्टरांकडं जा. लवकर दाखवलं तर बरंच सावरता येतं.

आता तुमच्या वेडाकडं येते, आणि इथं मला तुमचा खरोखर हेवा वाटतो. वाइनच्या इतिहासाचं वेड लागलेली बहुतेक माणसं बाटलीकडून सुरुवात करतात: लेबल, किंमत, ग्लासचा आकार. द्राक्षाची वेल त्यांनी आयुष्यात जवळून पाहिलेली नसते. तुम्ही वेलीखाली वाढलात. तुमच्या माहेरच्या बागेत या इतिहासाचे निदान तीन धागे आज, या घटकेला, लोंबताहेत आणि तुम्ही ते शोधायला जॉर्जियातल्या तिबिलिसीला निघालात!

पहिला धागा बोर्डो. डावणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून तुमचा भाऊ मोरचूद आणि चुना कालवून मारतो, ते बोर्डो मिश्रण. आपल्याकडं बागायतदार हा शब्द युरियाइतक्या सहज बोलतो. ते नाव फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनच्या मुलखाचं आहे. १८७८ च्या सुमारास डावणी अमेरिकेतून युरोपात शिरली आणि बागा झडायला लागल्या. बोर्डोजवळच्या मेडोक भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत, कशासाठी, तर येणाजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून. पानं निळी-हिरवी विषारी दिसली की चोर हात लावत नसे. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या नजरेत आलं की रोग सगळीकडं आहे, या रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय छापून जाहीर केला. चोरांना भिवविण्याची युक्ती जगभर बुरशीनाशक म्हणून गेली आणि अथणी-तासगावच्या पंपात येऊन बसली.

दुसरा धागा जमिनीखाली आहे. भावाला विचारा, खुंट, म्हणजे कलमाखालची मुळाची वेल, कोणता? बहुधा म्हणेल, डॉगरीज. क्षार आणि पाण्याची ओढ सोसते म्हणून आपल्याकडं डॉगरीजवर थॉमसनचं कलम भरतात. डॉगरीज ही टेक्सासची रानवेल. युरोपात १८६० च्या दशकात फायलोक्सेरा नावाची बारीक कीड वेलींची मुळं खायला लागली. फ्रान्सच्या द्राक्षबागा उजाड झाल्या, शतकानुशतकं वाइन करणारी गावं रिकामी झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा: मूळ अमेरिकी रानवेलीचं, कारण ती या किडीला पुरून उरते, आणि वरची काडी जुन्या युरोपी जातीची. आजही जगातली बहुतेक वाइन अशा जोडवेलीवरच पिकते. आपल्याकडं खुंट घेतला तो वेगळ्या अडचणीसाठी, पण रीत तीच. तुमच्या बागेतल्या कलमाच्या गाठीवर बोट ठेवलंत तर ते त्या सगळ्या भानगडीच्या शेवटावर ठेवल्यासारखं आहे.

तिसरा धागा खुद्द थॉमसन. हे नाव कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन या शेतकऱ्याचं, १८७० च्या दशकातलं. वेल मात्र त्याची नव्हे. तीच वेल तुर्कस्तानात सुलतानी आणि मध्य आशियात किसमिस म्हणून कितीतरी आधीपासून आहे. बिनबियांची असल्यानं ती काडीनंच पुढं जाते. पिढी बदलत नाही, तीच वेल तुकड्यातुकड्यानं जगत राहते. पुराणवस्तू पाहायला मिळेना म्हणून तुम्ही हळहळत असाल, तर ही एक जिवंत, पान फुटणारी पुराणवस्तू तुमच्या माहेरच्या मांडवावर आहे.

आणि तुम्ही हे आणखी मागं नेऊ शकता. रानातल्या द्राक्षवेलीत नर वेगळा, मादी वेगळी. लागवडीतल्या वेलीच्या एकाच फुलात दोन्ही. कधीतरी कुणीतरी रानात फिरताना दरवर्षी हमखास लगडणारी वेल हेरली आणि तिची काडी घराजवळ खोचली. २०२३ मध्ये साडेतीन हजारांहून जास्त वेलींच्या जनुकांची तुलना छापून आली, तिच्यानुसार हे सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात आणि कॉकेशसमध्ये, अशा दोन ठिकाणी घडलं.

त्या नाशिकच्या माणसाचे आठ हजार बरोबर आहेत. जॉर्जियात तिबिलिसीच्या दक्षिणेला गडाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा इथं मडक्यांची खापरं मिळाली, इसवी सनपूर्व ६००० ते ५८०० ची. २०१७ मध्ये पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि सहकाऱ्यांनी त्या खापरांत मुरलेलं टार्टारिक आम्ल दाखवून दिलं. हेच आम्ल चिंचेत असतं. जॉर्जियात चिंच नाही, म्हणून तिथं प्रश्न लगेच सुटला. आपल्याकडच्या एखाद्या खापरावर ते सापडलं तर द्राक्ष की आमटी, यावर दोन गट पडायला वेळ लागणार नाही. जॉर्जियात आजही जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात, क्वेव्रीत, साल-बियांसकट रस आंबवतात. २०१३ मध्ये ती पद्धत युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत इसवी सनपूर्व ४१०० च्या सुमाराची द्राक्षं तुडवायची कुंडी आणि रस साठवायचा रांजण मिळाला, म्हणजे अख्खा कारखानाच. त्याच गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडाही सापडला. वाइन तुडवायला काढून ठेवला आणि विसरला, असं मला उगाच वाटतं. दोन्हींत काही शतकांचं अंतर आहे, तेव्हा ते खरं नाही.

इजिप्तमधलं तुम्ही वाचलं असेलच. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात वाइनचे रांजण होते आणि त्यांवर शाईनं लिहिलेलं होतं: राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, कुठल्या मळ्यातली, वाइन करणारा मुख्य कारागीर कोण. तासगावच्या सौद्यात बेदाण्याच्या पेटीमागं गाव आणि बागायतदार विचारतात, तोच व्यवहार सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा.

जॉर्जिया-इजिप्त तुम्ही गाठलंत, पण पत्रात भारताचा उल्लेख नाही, याचं मला नवल वाटलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे, म्हणजे अबकारी आयुक्तच. त्याच्या प्रकरणात मद्यांची यादी येते: मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु. मधु म्हणजे द्राक्षरसाचं मद्य. त्याचे प्रकार मुलखावरून ओळखले जात, कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे अफगाणिस्तानातल्या आजच्या बेग्रामजवळचा भाग. पाणिनीनं या कापिशायनासाठी वेगळं सूत्र ठेवलं आहे. वाइन तिच्या गावावरून ओळखायची, याचा मक्ता फ्रेंचांकडं नाही. त्याच प्रकरणात पानागार कसं असावं तेही आहे: वेगवेगळ्या खोल्या, बसायला आसनं, फुलं, सुगंध, पाणी. खडेबाजारातल्या कुठल्याही बारपेक्षा बरं.

मग समुद्रमार्ग. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या वाटाड्या-पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालात वाइन आहे: मुख्यतः इटलीची, शिवाय लाओदिकिया आणि अरबस्तानची. तिथून आत पैठण आणि तेर या पेठांचे रस्तेही दिले आहेत. तुम्हाला दोन तासांवर एक गोष्ट पाहायला मिळेल. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तिथं रोमन घडणीची कांस्याची भांडी आणि पोसायडनची वीतभर मूर्ती मिळाली. ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. पोसायडन समुद्राचा देव, वाइनचा नव्हे, पण ज्या व्यापारानं तो आला त्याच व्यापारानं वाइनही आली. आणि तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वडगाव-माधवपूरला, सातवाहनांच्या काळातली वस्ती उत्खननात सापडली आहे. रोज तुम्ही त्या बाजूनं रिक्षानं जात असाल.

ह्युएन त्संग आठवतो का? साधारण ६४१ मध्ये तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला, म्हणजे बदामीवाल्यांच्या. इथले योद्धे लढाईआधी मद्य पितात आणि शेकडो हत्तींनाही पाजतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. भारतात क्षत्रिय द्राक्षाचं आणि उसाचं मद्य घेतात, ब्राह्मण आणि भिक्षू त्याच फळांचा न आंबलेला रस, हेही त्याच्याच नोंदीत.

या वाटेवर दोन खाचखळगे आहेत. एक व्हॉट्सअ‍ॅपवरचा: ‘सोमरस म्हणजे आपली प्राचीन वाइन.’ नव्हे. वेदांत सोम आणि सुरा वेगळे आहेत. सोम कुटून, गाळून यज्ञातच वापरायचा, आंबवायला वेळच नाही. दुसरा खळगा अभ्यासकांचा. पश्चिम किनाऱ्यावर सापडलेली बरीच खापरं एके काळी सरसकट रोमन वाइनच्या अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या मातीच्या बरण्यांची, मानली गेली. रॉबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा तपासली तेव्हा त्यांतली पुष्कळ मेसोपोटेमियाकडच्या टॉर्पेडो बरण्यांची निघाली. जुना लेख वाचाल तेव्हा ‘अँफोरा’ शब्दापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करा.

आता हे पुढं कुठं न्यायचं. एक वही घाला आणि त्यात वेलीच्या बाजूनं लिहायला लागा. भावाचा खुंट, जात, दोन छाटण्या, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, किती आलं, पाऊस कधी पडला. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षाला एकच छाटणी होते. आपल्याकडं ती झोपतच नाही म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. वाइनची जाडजूड पुस्तकं युरोपच्या ऋतूवर लिहिलेली आहेत. अथणीच्या ऋतूवर लिहिलेली नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही. सवड झाली तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, भावाला घेऊन जा. पाहुणी म्हणून तुम्ही नाशिकला जे पाहिलंत, त्याच्या दसपट तिथल्या वेलींत दिसेल.

चाखणं शिकायचं असेल (परीक्षेचे चार महिने झाल्यावर) तर धंद्यातली एक खरी रीत ऐका: जाणकार वाइन तोंडात घोळवतात आणि थुंकतात. दिवसभरात चाळीस-पन्नास वाइन तपासायच्या तर गिळून चालणार नाही. पानसुपारीच्या मुलखात थुंकण्याचं कौतुक सांगायला नको, घरी एक भांडं ठेवा. आंबटपणा जिभेच्या कडेला, तुरटपणा हिरड्यांवर, अल्कोहोलची ऊब घशात, हे गिळल्याशिवायही नीट कळतं. आणि वासाचे शब्द इंग्रजी पुस्तकातून उचलू नका. ‘ब्लॅककरंट’ ना तुम्ही खाल्लं ना मी. खानापूरच्या रानातली करवंदं, जांभूळ, आमसूल, ओल्या मातीचा वास, कुंद्यातली खरपूस साय, हे शब्द घ्या. रेड वाइनमध्ये जाणकारांना तंबाखूचा वास येतो म्हणतात. मी निपाणीची आहे, वखारीतला पिकलेला तंबाखू कसा वास देतो ते मला त्यांनी सांगू नये. तिखट मटणाबरोबर तुरट रेड घेऊ नका, तिखट अंगावर येतं. शनँ ब्लाँ ही पांढरी वाइन, किंचित गोडसर, जमते. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, म्हणून एकटीनं बाटली उघडूच नका. चौघींत एक उघडा, हिशेबही सोपा आणि प्रमाणही. शिस्तीत शिकावंसं वाटलं तर लंडनच्या डब्ल्यूएसईटी संस्थेचे वर्ग मुंबई-बेंगळुरूत होतात, पहिली पायरी एका दिवसाची असते. पण ते नंतर, आधी वही.

बाटल्या बेळगावातच, बिल घेऊन विकत घ्या. अर्थात आपल्या ‘वाइन शॉप’च्या पाटीखाली वाइन सोडून सगळं मिळतं, आणि असते ती उन्हात उभी असते, तेव्हा आतल्या, सावलीतल्या मागा. गोव्याहून येताना चोर्ल्याच्या नाक्यावर पिशव्या का उघडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलाकडं गेलात तर त्याला पिण्याचा परवाना काढून ठेवायला सांगा, दोघांचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे. आपणही एके काळी त्याच कायद्याखाली होतो, मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं आणि पुढं कर्नाटकाचा १९६५ चा अबकारी कायदा आला. सीमाभागात राहायचं म्हणजे ग्लासचाही राज्यवार विचार करायचा.

सासूबाईंना तुम्हीच सांगा, आणि लवकर. माळ घातलेल्या बाईला ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सांगायला जाल तर तुमची उरलेली पतही जाईल. त्यांना सगळं कळतं आणि वर मी हिशेब दिलाच आहे. सरळ सांगा: मला द्राक्षाच्या आणि वाइनच्या इतिहासाची गोडी लागली आहे, आठवड्यात एखादा ग्लास मी घेतला आहे, घरात आता बाटली नसेल. हो, नसेल. ते घर त्यांचंही आहे, जिथं रोज हरिपाठ होतो तिथं बाटली नको हा त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो. चौघींत उघडायची ती मैत्रिणीच्या घरी उघडा. तुम्हाला त्यांची परवानगी मागायची नाही, त्यांनी कौतुक करावं अशी अपेक्षाही धरायची नाही. त्या चार दिवस बोलणार नाहीत. बोलायला लागल्या की ब्रह्मपुरीची मूर्ती बघायला कोल्हापूरला घेऊन जा, अंबाबाईचं दर्शन त्याच फेरीत होतं. आणि कपाटातल्या द्राक्षासवाच्या बाटलीवर ‘स्वयंनिर्मित अल्कोहोल’ असं बारीक छापलेलं असतं, हे मला माहीत आहे, आता तुम्हालाही माहीत झालं. ते भांडणात वापरू नका.

आईला ग्लासचं सांगायची घाई नको. तिच्या भावाचं दुःख तुमच्या छंदापेक्षा मोठं आहे. तिच्याशी बागेचं बोला. पहिली काडी कुणी लावली, बेदाण्याचं शेड कधी उभारलं, कुठल्या वर्षी गारपिटीनं सगळं नेलं. हे तुमच्या वहीत लिहिण्यासारखं आहे आणि तिच्याशिवाय ते कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याच्या चेष्टेकडं दुर्लक्ष करा, मात्र मद्याचं माप तो तुमच्याइतकंच नीट सांभाळतो का ते एकदा त्याच्या रविवारच्या ‘बैठकी’त बघा.

आता भाऊ. थॉमसनची वाइन होतच नाही असं नाही, होते, पण फिकी, अंगात काही नसलेली. खायच्या द्राक्षात मणी मोठा, साल पातळ, पाणी जास्त. जिब्रेलिक आम्लात घड बुडवून आपण तो मणी आणखी फुगवतो. वाइनला नेमकं उलटं लागतं, मणी लहान, साल जाड, बी असलेली. रंग, वास, तुरटपणा सगळा सालीत आणि बीत असतो. आणि परवान्याशिवाय घरी वाइन आंबवणं हा अबकारी गुन्हा आहे, हौसेखातर केली तरी. एका कॅनमुळं बागायतदाराचं नाव पोलीस ठाण्याच्या वहीत जाऊ नये. बाग बदलून वाइनच्या जाती लावायचा विचार त्याच्या मनात असेल तर त्याला २००८ नंतरचं नाशिक आठवायला सांगा: मंदी आली, वायनऱ्यांनी माल उचलला नाही, वाइनचं द्राक्ष बाजारात खायला विकता येत नाही, बेदाणाही धड होत नाही, आणि लोकांनी उभ्या बागा उपटल्या. लेखी खरेदी करार हातात असल्याशिवाय एक गुंठाही नको. प्रयोगच करायचा असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही रसाची जात आहे, तिचे दोन ओळी वेल लावून बघा म्हणावं. रस प्यायला सासूबाईही येतील.